चौथी सुनीता

तांदळात नवीन नाव लिहिलं, की जुनं नाव कुठं जातं?

अकरा वर्षांचा असताना, ताईच्या लग्नात, मी हे भटजींना विचारलं होतं. ते म्हणाले, "बाळा, सरक, ताटात पाय पडेल." आईला विचारलं, तर ती रडत होती. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "जेवलास का?" मग मी जेवायला गेलो. या गोष्टीला दहा वर्षं झाली. उत्तर कोणी दिलेलं नाही.

तसा आमच्या कारखान्यात बोलणाऱ्यांना तोटा नाही. भिवंडीजवळ शेलारला चोवीस लूमचा, कापड विणायचा आमचा कारखाना. लूमखाली दिवसभर कापसाचा केर पडतो. सकाळी झाडा, संध्याकाळी पुन्हा पायाला लागतो. किस्सेही तसेच साठतात. त्यात लूमच्या खडखडाटात शेजारच्याला काही सांगायचं तर ओरडावं लागतं, त्यामुळं आमच्याकडं गुपित म्हणून काही राहतच नाही!

ताई लग्नाआधी इथंच कामाला होती. आता मी आहे. म्हणून तिचे किस्से मला सगळ्यांकडून ऐकायला मिळतात. लोक सांगतात, हसतात, मग माझ्याकडं बघून एकदम गप्प होतात. म्हटलं, आता मीच सांगतो. मी मधेच थांबलो तर थांबू द्या.

ताईचं नाव तानसा.

*

बाबा पाइपलाइनवर राखणीला होते. तानसा नदीवरच्या तलावाचं पाणी मोठमोठ्या पाइपांतून आमच्या भागातून जातं आणि मुंबईला पोचतं. त्या पाइपांच्या कडेनं बाबा रोज चालायचे. कुठं गळतंय का, कोणी भोक पाडलंय का, बघायचे.

पहिली मुलगी झाली. बारशाला आत्यानं एक चांगलंसं देवीचं नाव ठरवून ठेवलं होतं. ती पाळण्यात वाकली, तेवढ्यात बाबा म्हणाले, "तानसा म्हण."

आत्या तशीच वाकलेली राहिली. "अरे, ते धरणाचं नाव हाय!"

"मग काय झालं? गंगा चालते, गोदावरी चालते, आमचीच नदी का न्हाय चालत?"

हे झालं बारशातलं उत्तर. चहाच्या टपरीवर बाबांचं उत्तर वेगळं असायचं. तिथं ते छाती पुढं काढून सांगायचे, "माझ्या पोरीच्या नावाचं पाणी अख्खी मुंबई पिते!"

एकदा आई हातपंपावरून दोन हंडे घेऊन टपरीसमोरून चालली होती. न थांबताच म्हणाली, "मुंबईला पिऊ द्या. पोरीला आंघोळीला अर्धी बादली हाय, तेवढी सांडू नका!"

शाळेत गुरुजींनी ताईला उभं केलं. "तानसा म्हणजे काय? नावाला काही अर्थ पाहिजे की नको?"

ताई म्हणाली, "गुरुजी, भिवंडीचा अर्थ काय?"

गुरुजींनी मुकाट्यानं हजेरीत नाव लिहिलं.

*

कारखान्यात बायका कांडी भरतात. धोट्यात बसणारी ती छोटी नळी, तिच्यावर सूत गुंडाळायचं. ताई लागली तेव्हा कांडीवर सहा बायका होत्या. त्यातल्या तीन सुनीता!

मालक हमीदशेठ. इथलेच, पिढ्यानपिढ्याचे. ते दारातून ओरडायचे, "सुनीता, बारा नंबरला कांडी!" की तिघी उठायच्या. बारा नंबरला तीन टोपल्या, आणि बाकीचे लूम बंद. मग शेठनी त्यांना नावं पाडली. लंबी सुनीता, चष्मेवाली सुनीता, आणि तिसऱ्या सुनीतात काहीच खास सापडेना, म्हणून तिसरी सुनीता.

"या अल्ला," एक दिवस ते कपाळावर हात मारून म्हणाले, "हाक मारली की एकच माणूस येईल, असं एक तरी नाव ठेवा रे कुणी!"

ताई कांडी भरता भरता म्हणाली, "ठेवलंय की, शेठ."

तेव्हापासून शेठना चहा पाहिजे असो की चावी, हाक एकच. "तानसा!" चोवीस लूमच्या आवाजातून ती हाक सरळ पोचायची. आणि एकच माणूस यायचं.

*

मी शाळेत ढ होतो. जोडाक्षर आलं, की माझी गाडी पंक्चर. चौथीत दोनदा बसलो. ताईनं ठरवलं, आपणच शिकवायचं. सुट्टीच्या दिवशी मला कारखान्यात घेऊन गेली, ताक्यावर खूण करायचा निळा खडू हातात दिला आणि फरशीवर बसवलं.

"माझ्या नावात एक पण जोडाक्षर न्हाय. हे तरी लिही!"

मी लिहिलं. ता. न. सा. पुसलं, पुन्हा लिहिलं. दुपारपर्यंत अख्खी फरशी निळी!

हमीदशेठ आले. "अरे, ही कसली जाहिरात?"

"भावाची परीक्षा चाललीय, शेठ."

"किती मार्क पडले?"

"पैकीच्या पैकी!" ताई म्हणाली. "पेपरात एकच शब्द होता!"

*

आमच्याकडं रामलखनभैया म्हणून जुने कारागीर आहेत. चार लूम एकटे चालवतात. त्यांना गावाकडून पत्र आलं, मुलगी झाली, नाव कळवा. रामलखनभैयांना काही सुचेना. इतक्यात शेठची हाक आली, "तानसा!" त्यांनी तेच लिहून पाठवलं.

महिन्याभरानं उलटं पत्र. घरचे विचारत होते, ही कुठली देवी? हिचा उपवास कुठल्या वारी?

रामलखनभैयांनी कळवलं, "बम्बई की गंगा है. उपवास नहीं है, खाली पानी पीना है."

दोन वर्षांनी ते गावाला जाऊन आले. आल्या आल्या पेढे वाटले आणि लूमच्या वरताण आवाजात सगळ्यांना सांगितलं, "हमारे गाँव में अब तीन तानसा हो गयीं! और एक भैंस भी!"

ताई तेव्हा नुकतीच लग्न होऊन वडप्याला गेली होती. मी ही बातमी सांगायला मुद्दाम सायकल मारत गेलो. ती इतकी हसली, की सासू बाहेर आली. मग ताईनं हसणं आवरलं आणि मला म्हणाली, "म्हणजे तिकडं म्हशीला पण चालतं."

*

आता लग्नाचा किस्सा. मधे घालायला पाहिजे होता, पण टाळत होतो.

मुलाचं नाव सुनील. माणूस साधा, हायवेच्या गोडाऊनमध्ये कामाला. स्थळ चांगलं होतं. फक्त त्याच्या आईला नाव पटलं नव्हतं. मी त्यांना मावशी म्हणतो. मावशी आमच्या ओटीवर बसून म्हणाल्या, "पोरगी लाखात एक हाय. पन नदीचं नाव सुनंला नको. नदी कदी घरात ऱ्हाते का?"

बाबा काहीतरी बोलणार होते. आईनं त्यांच्यापुढं चहाचा कप सरकवला.

लग्नाच्या दिवशी पितळी ताटात तांदूळ पसरले. दाजींनी अंगठीनं त्यात लिहिलं. सगळे वाकले. भटजींनी मोठ्यानं वाचलं, "सुनीता!" सुनीलची सुनीता, जोडा छान जमला, बायका खूश!

मांडवात पुढच्या खुर्चीवर हमीदशेठ बसले होते. त्यांनी कपाळावर हात मारला.

"चौथी!"

अख्खा कारखाना खो खो हसला. ताई पण हसली. मुंडावळ्या हलत होत्या. मग कोणीतरी ताट हलवलं, तांदूळ सारखे केले, आणि मी तो प्रश्न विचारला.

*

बाबांनी लग्नात तांब्याचा हंडा दिला होता. त्यावर आधीच नाव घालून घेतलं होतं, "तानसा". दुकानदारानं ठिपक्या-ठिपक्यांनी चांगलं मोठं कोरलं होतं. ते आता पुसणार कसं?

वडप्याच्या घरी शेजारीण आली, तिनं हंडा पाहिला. "तानसा कोन गं?"

मावशी म्हणाल्या, "ते हंड्याचं नाव हाय!"

आणि खरंच झालं तसं! घरात हंड्यालाच तानसा म्हणायला लागले. तानसा भरली का? तानसा घासून ठेव. तानसा कुठं हाय? सुरुवातीला ताई आतून "ओ" द्यायची. मग लक्षात यायचं, हंडा विचारतायत.

हे ती माहेरी आली की सांगायची. माझी भाची पिंकी बोलायला लागली, ती पण दुडूदुडू येऊन म्हणायची, "आई, तानसात पानी संपलं." ताई हे सगळं नक्कल करून दाखवायची. आई हसून बेजार. मी पण. बाबा मात्र हसायचे नाहीत. ते उठून पाइपलाइनकडं चालायला जायचे. पुढं बाबा गेले, मग तर हा किस्सा सगळ्यात जास्त सांगितला जाऊ लागला, कारण न हसणारं कोणी उरलं नव्हतं.

*

गेल्या भाऊबीजेला मी वडप्याला गेलो. माझी पहिलीच भाऊबीज होती अशी, की खिशातून स्वतः साडी आणली होती. निळी. ताईनं ओवाळलं. मी पिशवी पुढं केली, तर तिनं ती बाजूला ठेवली.

"साडी ऱ्हाऊ दे. मला दुसरं काय तरी पाहिजे."

"काय?"

"मला एकदा नावानं हाक मार."

मला हसूच फुटलं. धाकट्या भावानं मोठ्या बहिणीला नावानं हाक मारायची? जन्मात कधी मारली नव्हती. ताई ती ताई!

"कोणी मारतच न्हाय रे," ती म्हणाली. "आई पन इथं आली की सुनीता म्हनते, सासूला बरं वाटावं म्हनून. तू मार. हळू मार. कोन ऐकत न्हाय."

मला काय वाटलं कोण जाणे. लाज वाटली. मला लाज वाटली की मी काहीतरी वात्रट बोलतो. मी म्हणालो, "नावानं हाक मारली आणि म्हैस आली तर?"

ती हसली. खरंच हसली. मला माझ्या जोकचा अभिमान वाटला. सायकलवर टांग टाकून निघालो. नाक्यावर मागं वळून पाहिलं, तर ती दारातच होती. आवाज पोचला असता.

*

होळी झाल्यावर ताईला कावीळ झाली. आई तिच्याजवळ वडप्याला जाऊन राहिली. मला म्हणाली, "तू ड्युटी कर, काय लागलं तर कारखान्यात फोन करायला सांगीन." मी घरात एकटा. सकाळी भात शिजवायचा, दोन्ही वेळा तोच खायचा.

पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला ऑफिसातला फोन वाजला. दाजींचा चुलतभाऊ गोडाऊनमधून बोलत होता. आमचं नाव त्याच्या ध्यानात नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "निरोप द्या, सुनीता गेली," आणि त्यानं फोन ठेवला.

हमीदशेठनी काचेतून बाहेर पाहिलं. लंबी सुनीता कांडी भरत होती. चष्मेवाली सूत सोडवत होती. तिसरी चहा ओतत होती.

"अरे भाई, तिन्ही इथंच आहेत. राँग नंबर!" ते बंद फोनातच म्हणाले.

वर बाहेर येऊन ओरडून सांगितलं, "ए सुनीता, तुमच्यातली एक गेली म्हणे! कोण ते आपसात ठरवा!"

कारखाना हसला. लंबी म्हणाली, "मी न्हाय, माझी शिफ्ट बाकी हाय!" मी पण हसलो. रामलखनभैया सांगतात, सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

चार वाजता पुन्हा फोन आला. या वेळी आईनं सांगायला लावलं होतं, "तानसा म्हना."

शेठ बाहेर आले. मेन स्विचपाशी गेले आणि तो खाली ओढला. चोवीस लूम एकदम बंद. एवढी शांतता मी त्या कारखान्यात कधी ऐकली नव्हती. शेठनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्कूटर काढली.

वडप्याच्या अलीकडं ट्रकांची रांग लागलेली. शेठ मातीतून, गटारातून स्कूटर घालत होते. पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परत येत होती. ओल्या कपड्यांनी.

दाजी म्हणाले, "तीनपर्यंत वाट बघितली रे. निरोप तर अकरालाच दिला होता."

हमीदशेठ स्कूटर धरून उभे होते. एवढा मोठा माणूस, पण पोरासारखा चेहरा झाला होता.

"चौथी," ते म्हणाले. "चौथी मोजायची राहिली रे."

*

दाखल्यासाठी दाजींबरोबर मीच गेलो. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "नाव?"

"सुनीता सुनील," दाजी आडनाव सांगणार, तेवढ्यात मी म्हणालो, "तानसा."

कारकुनाचं पेन थांबलं. त्यानं दाजींकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"मयत एक आहे का दोन?"

मी "दोन" म्हणणार होतो. दाजींनी माझा हात घट्ट धरला. "एक," ते म्हणाले.

*

आमच्याकडं एक पद्धत आहे. माणूस जिथं गेलं, त्या जागेवर दहाव्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला ताटात तांदळाचं पीठ पसरतात. शेजारी दिवा ठेवतात आणि ताटावर टोपली झाकतात. सकाळी सगळ्यांसमोर टोपली उचलायची. पिठात पाखराचा पाय उमटला, तर माणूस पाखराच्या जन्माला गेलं. खूर उमटला, तर गाय झालं. असं.

मावशींनी ताट काढलं. पितळी. कडेला पोचा आलेला. मी ओळखलं, लग्नात तांदूळ पसरले होते तेच.

भावकीतली एक बाई पुढं झाली, तर मावशींनी तिला थांबवलं. मला म्हणाल्या, "तू ये. तुला तोंड बघायला न्हाय गावलं. पीठ तू पसर."

नऊ दिवसांत मला कोणी सांगितलेलं ते पहिलं काम होतं. मी गुडघ्यावर बसलो, पीठ पसरलं, हातानं सारखं केलं. मावशी दिव्यासाठी तेल आणायला आत गेल्या. बाकीचे ओटीवर बोलत बसले होते. खोलीत मी एकटा आणि कोपऱ्यात तांब्याचा हंडा.

मी हाक मारून पाहिली. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

मला लिहिता येतं ते फार थोडं. पण एका शब्दात मला पैकीच्या पैकी मार्क आहेत. बोटानं लिहिलं. नीट, मोठं, काना सरळ. मग टोपली झाकली आणि बाहेर येऊन बसलो.

सकाळी सगळे जमले. आई दाराला टेकून उभी होती. मावशींनी दिवा सरकवला आणि टोपली उचलली.

पिंकी यंदा पहिलीत आहे. ती सगळ्यांच्या पायांमधून पुढं घुसली आणि ताटावर वाकली. "ता... न... सा. आजी, हे तर हंड्याचं नाव!"

मावशींना वाचता येत नाही. त्यांनी पिठाकडं पाहिलं. मग हंड्याकडं. मग माझ्याकडं. मी मान खाली घातली. वाटलं, आता ताट अंगणात भिरकावतात.

मागं उभ्या असलेल्यांना काही दिसत नव्हतं. ओटीवरून कोणीतरी विचारलं, "काय उमटलं गं? पाखरू का गाय?"

मावशींनी टोपली हळूच पुन्हा झाकली.

"नदी," त्या म्हणाल्या.